शेवटचा अर्धा आटा

माणसाने संस्कृती उभी केली ती नीट आवळून. जे सैल राहिलं ते इतिहासातून गळून पडलं, असा मिस्त्रींचा सिद्धान्त होता. त्या सकाळी गॅरेजच्या दारात त्यांनी तो ऐकवला, तेव्हा बायकोने साखरेचा डबा पुढे केला.

"आधी हा उघडा. काल तुम्हीच लावलाय."

डबा उघडला नाही. बिनसाखरेचा चहा घशाखाली ढकलून मिस्त्री कामाला लागले.

गाडी लेकीची होती. तान्ह्या बाळाला घेऊन ती एकटीच डोंगरापलीकडे नव्या नोकरीवर निघणार होती. वाटेत ना वस्ती, ना फोनला रेंज. निघण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदलून द्यायचा, एवढंच काम. फिल्टर ज्या भांड्यात बसतो त्याचं झाकण या गाडीला प्लास्टिकचं, इंजिनाच्या कुशीत, वरून हात घालून फिरवायचं. किती जोर लावायचा ते झाकणावरच छापलेलं असतं. तेवढा जोर झाला की 'टक्' करून सांगणारा टॉर्क पाना मिस्त्रींकडे होता. पेटीत होता. त्यांच्या मते तो नवशिक्यांसाठी.

"बाबा, बेताने हं," लेक बाळाला थोपटत म्हणाली.

"अगं, बेताने आवळलेलं चढावर सुटतं."

"आणि तुम्ही आवळलेलं घरीच तडकतं," बायको म्हणाली. "बाथरूमचा नळ आवळलात, तेव्हापासून आंघोळीचं पाणी शेजारून आणतोय आपण."

मिस्त्रींनी ते ऐकलंच नाही. नवा फिल्टर बसला. झाकणाला नवी रबरी रिंग चढली. झाकण आधी हाताने फिरलं, मग साध्या पान्याने. नेहमीचा शेवटचा अर्धा आटा द्यायला मिस्त्रींनी दम घेतला, आणि त्यांच्या मनगटावर कुणीतरी हात ठेवला.

ऊबदार, तेलकट हात. झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा जपून.

"सोड गं," मिस्त्री बायकोवर खेकसले.

"काय सोडू?" बायकोने दारातून विचारलं. ती अजून डब्याशी झटत होती. लेक तिच्या शेजारी, दोन्ही हात बाळाखाली.

मिस्त्रींनी पुन्हा जोर लावला. त्या हातानेही लावला, उलट्या बाजूला. झाकण सैल झालं.

चिडून त्यांनी ते काढलंच. भांड्याच्या कडेला जुनी रिंग चिकटून बसली होती, कडेसारखीच काळी. नवी तिच्यावर चढली असती. रिंगेवर रिंग, वर मिस्त्रींचा अर्धा आटा. झाकण तडकलं असतं. इथे नाही, डोंगरात. ऑइल रस्त्यावर आणि इंजिन जागच्या जागी जाम.

मिस्त्रींनी साधा पाना बाजूला ठेवला.

मग जुनी रिंग खरवडून काढली, नवीला बोटाने ऑइल लावलं आणि टॉर्क पान्यासाठी पेटी उघडली.

पेटी रिकामी होती.

पाना मडगार्डवर होता. झाकणावरचाच आकडा लावून.

टक्.

मिस्त्री थांबले. आयुष्यात पहिल्यांदा.

ऑइल भरलं. लेकीने इंजिन चालू केलं, बंद केलं. झाकणाभोवती थेंबही नव्हता.

मिस्त्रींच्या मनगटावर मात्र बोटांचे काळे ठसे होते. टोकं कोपराकडे. म्हणजे हात समोरून आला होता, इंजिनाच्या आतून. तिथे उंदीरही मावला नसता.

"कोण असशील तो अस," मिस्त्री पुटपुटले. "माझी लेकरं वाचवलीस. फार उपकार झाले रे."

त्यांनी बॉनेट लावायला हात घातला.

"थांबा," आतून हळू आवाज आला. "लावायच्या आधी एखादं फडकं द्या ना. हात पुसायचेत."