सुकटीच्या डब्यातले मीठ

१८८९ सालच्या वैशाखातली बुधवारची सकाळ. ठाण्याच्या तळ्याकाठी भास्करराव गुप्त्यांच्या ओटीवर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. धाकटीने थोरलीचे कोपर धरले होते.

थोरलीने खुर्चीतल्या धिप्पाड दामूअण्णांना वाकून नमस्कार केला. "रावसाहेब, माझ्या सुनंला वाचवा!"

दामूअण्णा हे भास्कररावांचे मेहुणे. इस्पितळात कंपाउंडर होते आणि चार दिवसांच्या रजेवर आले होते. रावसाहेब म्हटल्यावर ते जरा सावरून बसले.

"बसा बाई," शेजारून आवाज आला. "भास्करराव मी."

बाईंनी झटकन तोंड तिकडे वळवले. "माफी करा. उन्हातून आले."

कोर्टातली नाझराची नोकरी सोडल्यापासून भास्करराव लोकांच्या अडचणींचा खाजगीत छडा लावीत. ते किरकोळ बांध्याचे, कमी बोलणारे गृहस्थ होते.

बाईंचे नाव गोदा, राहणार कोलशेत. सोबतची हौसाबाई शेजारीण. गोदाबाईंचा मुलगा नाथा मिठागरातला वाकबगार कामगार. एका कच्छी शेठने त्याला मिठागर बांधायला झांजीबारला नेले, त्याला तीन वर्षे झाली. आता त्याने बायकोला, तुळसाला, बोलावले होते. शनिवारी मुंबईहून आगबोट सुटणार होती, आणि त्यासाठी गुरुवारी दुपारच्या भरतीला कोलशेतहून मचवा निघायला हवा होता.

"ही आगबोट चुकली तर?" भास्कररावांनी विचारले.

"मंग पावसाळा सरेपर्यंत दुसरी नाय. आनि आता तर तुरुंगाची गोष्ट चाललीय!"

झाले होते असे. मिठागरांच्या पट्ट्यातून बाहेर जाणारे सामान बंदरावरच्या चौकीत तपासून, शिक्का मारून घ्यावे लागे. मंगळवारी तुळसाचे सामान तिथे नेले, तेव्हा सुकटीच्या डब्यातून दोन शेर मीठ निघाले. मिठावर सरकारचा कर असे. कर न भरलेले मीठ नेणे हा गुन्हा होता. दरोग्याने सामान आणि प्रवासाचा परवाना, दोन्ही अडकवून ठेवले होते.

"डबा कोणी भरला होता?"

"मीच! मुठीनं दाबून दाबून, काठोकाठ. शनिवारी. तवा त्यात मीठ नव्हतं."

हौसाबाई मध्येच बोलली, "सगला गाव माझ्यावर संशय घेतो, रावसाहेब. माझ्या पोराला, गणूला, त्या शेठनं नेला नाय म्हनून. राग आला होता मना, खोटं कनाला बोलू? पन तीन वर्षं झाली त्याला. तिच्या सामानातले पापड मीच लाटलेत."

भास्कररावांनी पगडी उचलली. उतरताना गोदाबाईंचा पाय पायरीच्या जरा पुढेच पडला. दामूअण्णांनी त्यांना धरले आणि म्हणाले, "सावकाश, म्हातारपण आहे."

*

चौकीचे दरोगा बाळकृष्णपंत साताऱ्याकडून महिन्यापूर्वीच बदलून आले होते. माणूस सरळ होता, पण नियमाला चिकटून राहणारा.

"मला त्या पोरीची दया येते हो," ते म्हणाले, "पण भोवताली मिठागरं, आणि डब्यात मीठ. मी काय समजायचं?"

टेबलावर मीठ पसरले होते. भास्कररावांनी एक खडा उचलून उजेडात धरला. हरभऱ्यापेक्षा मोठा, चौकोनी, काचेसारखा. तो त्यांनी जपून खाली ठेवला. मग बाहेर जाऊन मिठागराच्या काठावरच्या राशीतून चिमूटभर मीठ तळहातावर घेतले. ते बारीक, जरा मळकट होते आणि बोटांना दमट लागत होते.

"मीठ ते मीठ," दामूअण्णा पुटपुटले.

डबा तपासणारा शिपाई तानाजी दारात उभा होता.

"सगळंच सामान उघडता का रे?" भास्कररावांनी विचारले.

"कुठलं साहेब! परदेशी जाणाऱ्या गरिबांचं खाणं ते. गाठोडी चाचपतो आणि सोडतो. सुकटीला तर हात लावायला कुणी तयार नसतं, वासानं. पण जाणाऱ्या पोरीनंच तो डबा पुढं सरकवला. म्हणाली, आधी हा बघा. झाकणही तिनंच काढलं."

"पाहिलंत?" दामूअण्णा बाहेर आल्यावर म्हणाले. "निष्पाप आहे बिचारी! आत मीठ आहे हे ठाऊक असतं, तर डबा लपवला असता."

"तेच कोडं आहे," भास्करराव म्हणाले.

धक्क्यावर काळुराम तांडेल मचव्याच्या भेगा बुजवत बसला होता. पूर्वी चोरट्या मिठापायी त्याने सहा महिने तुरुंग भोगला होता, म्हणून लोक त्याचेही नाव घेत.

"एकदा भोगलंय, पुन्ना नाय," तो म्हणाला. "आनि सामान माझ्या मचव्यात चढलंच कुठं? घरातून थेट चौकीत गेलं. तुलसाला मात्र मी सोमवारी कल्याणहून आनली. म्हायेरी निरोप घ्यायला गेलेली. वाटभर रडत होती पोर."

"नवऱ्याकडे जायचं, आणि रडायचं?"

"म्हायेर सुटतंय ना," दामूअण्णांनी परस्पर उत्तर देऊन टाकले.

*

गोदाबाईंचे घर मिठागराच्या बांधालगत होते. तुळसा बावीस-तेवीस वर्षांची, शांत चेहऱ्याची मुलगी होती. चौकशीला तिने न डगमगता उत्तरे दिली. मीठ कुठून आले, ठाऊक नाही. कुणावर संशय नाही. कुणाचे नाव घेऊ नका, एवढेच तिने पुन्हा पुन्हा विनवले.

"नाथाचं पत्र आहे का?"

तिने पेटीतून पत्र काढून दिले. गावच्या मास्तरांकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतल्याने ते घडीवर फाटत आले होते. भास्कररावांनी मोठ्याने वाचले: *लोणच्यावर तेल चार बोटे ठेव. सुकट घट्ट डब्यात आण, नाहीतर आगबोटीवरचे लोक ओरडतात. इथल्या जकातघरात सगळे उघडून दाखवावे लागते, तेव्हा वरती पापड ठेव, लवकर सुटका होते. मीठ आणू नकोस. मीठ इथे मीच पिकवतो.*

गोदाबाई पाणी घेऊन आल्या. ओतताना भांडे भरले, तरी पाणी काठावरून चटईवर सांडत राहिले. तुळसाने पटकन हात लावून तांब्या सरळ केला.

दामूअण्णा स्वयंपाकघरात डोकावले आणि घाबरेघुबरे होऊन परत आले. "भास्करराव, करणी आहे! फळीवरच्या एकेका मडक्याच्या गळ्यात काळा दोरा आहे. एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, असं सातापर्यंत!"

भास्कररावांनी जाऊन पाहिले. एक गाठ होती त्या मडक्यात मीठ, दोन गाठींच्यात तिखट, तीनवाल्यात हळद. सात गाठींच्या मडक्यात सुकट होती, तोंडापर्यंत दाबलेली.

मागच्या दारापासून विहिरीपर्यंत कमरेच्या उंचीवर एक नवी दोरी ताणलेली होती.

"कपडे वाळत घालायला," तुळसा घाईने म्हणाली.

"एवढ्या खाली? लुगडं जमिनीला लागेल," भास्करराव म्हणाले. तुळसाने मान खाली घातली.

*

गुरुवारी सकाळी सगळे चौकीच्या ओसरीवर जमले. दरोगा खुर्चीत, तानाजी दाराशी, काळुराम पायरीवर. गोदाबाई आणि हौसाबाई भिंतीला टेकून बसल्या, तुळसा खांबाशी उभी.

"दरोगासाहेब, या मिठावरचा कर भरलेला असेल तर गुन्हा उरतो का?" भास्कररावांनी विचारले.

"नाही. पण भरलाय कुठे?"

"हा खडा बघा. केवढा मोठा आणि स्वच्छ. आता हे बाहेरच्या राशीतलं मीठ. समुद्राच्या पाण्याचं, बारीक. डब्यातलं मीठ कोलशेतचं नाहीच. असले खडे गुजरातच्या मिठाचे. ते सरकारी कोठारातून, कर भरूनच निघतं आणि रेल्वेनं कल्याणच्या बाजारात येतं. तुम्ही घाटावरून नवे आलात, म्हणून लक्षात आलं नाही."

काळुराम खडा हातात घेऊन म्हणाला, "खरंच की. ह्ये आपलं नाय."

"आता विचार करा. कोलशेतात दारोदार मिठाच्या राशी. इथं कुणाला अडकवायचं तर ओंजळभर मीठ उचललं की झालं. हौसाबाईला राग काढायचा असता, तर तिनं तेच केलं असतं. काळुरामनंही तेच. विकत घेतलेलं मीठ कोण घालील? ज्याला अडवणूक हवी होती, पण शिक्षा नको होती, तोच."

"म्हणजे कोण?" दामूअण्णांनी विचारले.

"डबा शनिवारी भरला. सोमवारी कल्याणहून कोण आलं? डबा आपण होऊन पुढं कुणी सरकवला? मीठ सापडायला तर हवं होतं, आणि शिपाई सुकटीला हात लावणार नव्हता. डब्यातून काढलेली सुकट घरातच, सात गाठींच्या मडक्यात आहे."

सगळ्यांच्या नजरा तुळसाकडे वळल्या.

"पण ती स्वतःची वाट स्वतःच कशाला अडवील?" दरोगा चकित होऊन म्हणाले.

भास्कररावांनी खडा काळुरामकडेच राहू दिला. मग गोदाबाईंच्या समोर उकिडवे बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, मला हे बोलायचं नव्हतं. पण त्याशिवाय पोर सुटत नाही. तुम्हाला दिसेनासं होऊन किती दिवस झाले?"

गोदाबाई ताठ झाल्या. "कोन म्हनतं मना दिसत नाय?"

"माझ्या ओटीवर तुम्ही दामूअण्णांना भास्करराव समजलात. पायरी चुकलात. काल पाणी बाहेर सांडलं. हे तुम्ही लपवलंत, तुळसानं निर्धास्त जावं म्हणून. पण तिनं ते केव्हाच ओळखलंय. गाठी मोजून तुम्हाला मडकं सापडावं, दोरी धरून विहिरीला जाता यावं, ही सोय तिनंच केली. मीठ, तिखट, हळद कुठली, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"तीच म्हनाली, नवी रीत हाय कल्यानची..." गोदाबाईंनी हात पुढे करून चाचपले. "तुळसा! तुला ठावं होतं?"

"गेल्या दिवाळीपासून," तुळसा म्हणाली. आता ती रडत होती. "थांबते म्हटलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं का आत्याबाई? तुम्ही तर, गेली नाहीस तर विहिरीत जीव देईन, म्हणाला होतात. गाठी बांधल्या, दोरी बांधली, तरी माझं मन होईना. चूल पेटवताना पदर पेटला तर? म्हटलं सरकारनंच अडवलं, की कुणाचा दोष नाय. आगबोट गेली की पावती दाखवणार होते."

तिने कनवटीची पुरचुंडी सोडली. कल्याणच्या दुकानदाराची पावती घामाने मऊ झाली होती. दरोग्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली.

"सरकारी चौकीला खेळवायचं नसतं, मुली," ते शेवटी म्हणाले. पण आवाजात धार नव्हती. त्यांनी परवाना काढून तिच्यापुढे धरला. "भरतीला अजून चार तास आहेत. जा."

"मी नाय जात."

"जाशील!" गोदाबाई कडाडल्या. "माझ्या पोरानं तीन वर्षं वाट बघितली. मी काय लहान हाय?"

"मीही लहान नाय. आता सगळ्यांसमोर सांगते, मी थांबणार."

दोघी एकमेकींचे हात धरून भांडत होत्या. मध्ये पडायचे कुणाला सुचेना. तेवढ्यात दामूअण्णा उठले. ओसरीवरच्या उन्हात त्यांनी गोदाबाईंची हनुवटी वर केली, दोन्ही डोळ्यांत नीट पाहिले आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"मी रोज इस्पितळात हेच बघतो, आणि काल पायरीवर म्हातारपण म्हणून मोकळा झालो! अहो, हा मोतीबिंदू आहे. चांगला पिकलेला. मुंबईत आमच्या ओळखीचे डॉक्टर शस्त्रानं काढतात. काहींचं नशीब साथ देत नाही, पण बहुतेकांना दिसू लागतं."

काळुरामने हातातला खडा खाली ठेवला.

"मचवा मुंबईलाच चाललाय," काळुराम म्हणाला. "दोघींना नेतो."

दुपारच्या भरतीला दोघी निघाल्या. सोबत दामूअण्णा होते. त्यांनी रजा आणखी आठ दिवस वाढवून घेतली. शनिवारी आगबोट तुळसाला न घेता सुटली, पण त्याच आगबोटीच्या टपालात भास्कररावांचे नाथाला पत्र गेले. त्यात सगळी हकीकत होती, आणि पावसाळ्यानंतर एक नव्हे, दोन माणसे यायची तयारी ठेव, असे शेवटी लिहिले होते.

नवव्या दिवशी इस्पितळात गोदाबाईंची पट्टी सोडली. डॉक्टरांनी पडदा जरासा बाजूला केला. गोदाबाई कितीतरी वेळ समोर बघत राहिल्या. मग हात पुढे करून त्यांनी तुळसाचा गाल चाचपला, गळ्याखालची हाडे चाचपली, आणि रागाने दामूअण्णांकडे वळल्या.

"पोर एवढी वाळली," त्या म्हणाल्या, "आनि मना कोनी सांगितलं नाय?"