दुसरा अंधार

वीज विभागातली जुनी यंत्रशाळा उद्या मोडीत निघणार, म्हणून बाई दुपारीच आल्या. उभी हयात त्यांनी इथे शिकवण्यात घालवली होती. विजेची मोठमोठी जाळी तोल कसा सांभाळतात, यावरचे त्यांचे शोधनिबंध नावाजले गेले. पण जीव अडकला होता तो कोपऱ्यातल्या दोन जनित्रांत.

खिडकीकडचं बाईंचं, भिंतीकडचं सरांचं. सर म्हणजे त्यांचे यजमान, याच विभागातले. दोन जनित्रं जोडायची तर आधी त्यांची लय जुळावी लागते. मधले तीन दिवे उजळतात, मंदावतात. लय जुळली की विझतात. त्या अंधारात स्विच मारायचा, की दोन्ही जनित्रं भार निम्मा-निम्मा उचलतात. वेग सर सांभाळायचे, स्विच बाईंच्या हाती. बाईंना भारी घाई. सर दर वेळी म्हणायचे, "पहिला अंधार जाऊ दे गं." यांचं लग्नही त्याच दिव्यांवर जुळलं, अशी मुलं थट्टा करत.

सर गेल्यापासून घरात एक चाहूलही लागली नव्हती. असल्या गोष्टींवर विश्वास नसूनही बाई वाट पाहत राहिल्या होत्या.

"तुमचं चालू करून देतो, बाई," वायरमन म्हणाला. "सरांचं आता फिरायचं नाही. त्याची मोटर सकाळीच उचलून नेली."

"एक तर एक. आवाज तरी ऐकते."

जनित्र घुमू लागलं. तापल्या वार्निशचा ओळखीचा वास सुटला. भार म्हणून जोडलेल्या हीटरच्या तारा लाल झाल्या, बाईंच्या जनित्रावरचा भार दाखवणारा मीटरचा काटा बारावर स्थिरावला. वायरमन चहा सांगायला गेला.

तीन दिवे एकसारखे तेवत होते. दुसरं यंत्र बंद असलं की ते तसेच राहतात. बाईंनी सवयीनं स्विचवर हात ठेवला.

दिवे मंदावले. मग उजळले.

एखादी तार सैल असेल. बाईंनी जोडण्या चाचपल्या, सगळ्या घट्ट. दिव्यांची उघडझाप आधी भरभर झाली, मग सावकाश. कुणीतरी वेग बेताबेतानं उतरवत होतं. इतक्या बेतानं उतरवणारा हात त्यांनी एकच पाहिला होता.

सरांचं जनित्र निश्चल होतं. दांड्यावर धुळीचा थर.

दिवे विझले.

बाईंची मूठ आवळली. उद्या हे काहीच उरणार नव्हतं.

"जाऊ देते," त्या पुटपुटल्या. "आज तुमचंच ऐकते, अहो."

दिवे उजळले. अगदी हळू मंदावले.

दुसरा अंधार आला.

बाईंनी स्विच मारला. दणका नाही, ठिणगी नाही.

"बंद करू?" वायरमननं दारातून विचारलं.

हीटरच्या तारा तितक्याच लाल होत्या. सरांच्या दांड्यावरची धूळ हललेली नव्हती. आणि बाईंच्या मीटरचा काटा बारावरून उतरून सहावर येऊन थांबला होता.