चौथ्या खुर्चीतला गडी

शांघायच्या त्या गल्लीत दुपारी माहजाँगच्या सोंगट्या खळखळल्या, तर कुणी कान टवकारत नसे. जुगाऱ्यांना पोलीस हसून सोडत, मार्क्स वाचणाऱ्यांना गोळी घालत. म्हणून तेलाच्या दुकानावरच्या खोलीत रुईफांग, पान आणि कुओ डाव मांडून बसत आणि मार्क्सवरचं एक जपानी पुस्तक चिनी भाषेत आणत. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी सोंगट्या आपटायच्या.

खेळाला चार गडी लागतात. चौथा, रुईफांगचा भाऊ वेइमो, थंडीच्या तोंडाशी पकडला गेला आणि गोळी लागून संपला. काय बुद्धी होती त्याची! अवघडातला अवघड विचार तो भाजीवालीला पटेल असा सांगायचा, आणि तिनं शंका काढली तर घरी येऊन आपलंच लिखाण फाडायचा. "मी मेल्यावर उदबत्त्या लावाल तर याद राखा," असं त्यानं बजावलं होतं. त्यांनी लावल्या नाहीत. फक्त त्याच्या खुर्चीपुढे सोंगट्या मांडत. कुणी वर आलंच तर 'तो खाली गेलाय' म्हणता यावं, एवढ्यासाठी.

त्या दिवशी शेवटचं प्रकरण अडलं होतं. छापखान्याचा माणूस संध्याकाळी येणार होता, पुन्हा येण्याची शाश्वती नव्हती.

"परिस्थिती माणसाला घडवते. लिही आणि मोकळी हो," पान म्हणाला.

"आणि परिस्थिती कोण बदलतं, पानभाऊ? तुमचे काका?" रुईफांगनं विचारलं.

खालून तेलवाली ओरडली, "अहो, चौघं एकदम नका बोलू! गिऱ्हाईकाचं ऐकू येत नाही!"



"बाईला मोजता येत नाही," कुओ हसत म्हणाला. हसणं काही जमलं नाही.

टक्.

चौथ्या बाजूची एक सोंगटी टेबलाच्या मधोमध येऊन पडली होती.

"टेबल हललं," पान पुटपुटला.

रुईफांगला भावाची फार आठवण आली. आणि तिच्या तोंडून वाक्य आलं, "परिस्थिती बदलायला माणूस हात घालतो, तेव्हा त्याचे हातही पहिल्यासारखे राहत नाहीत." तिला ते सुचलं नव्हतं. कुओनं ते झरझर उतरवलं आणि कागद सदऱ्यात कोंबला.

जिन्यावर बूट वाजले.

साध्या वेशातला पोलीस आत आला. रुईफांगनं तोंड उघडलं, पण 'तो खाली गेलाय' हे शब्द काही फुटेनात.

"मला वाटलं, तिघंच आहात," पोलीस म्हणाला. "तिघांत कसला आलाय खेळ?"

तो रिकाम्या खुर्चीमागे गेला, वाकून त्यानं सोंगट्या न्याहाळल्या. "डाव झकास आहे तुमचा."



दारातून वळून त्यानं चौथ्या खुर्चीकडे बोट केलं. "बाई, यांच्या अंगरख्याला पाठीत भोक पडलंय. कडा जळल्यात. ठिगळ लावा."

"लावते, साहेब," रुईफांग म्हणाली.