कवठेकरांचा घरनकाशा

पडद्यावर दोन आकडे उमटले. डॉ. गार्गी नवाथेने चष्मा पुसून ते पुन्हा पाहिले. विद्याधर कवठेकर, वय बहात्तर : रुजांक अठ्ठ्याऐंशी. सुलभा कवठेकर, वय अडुसष्ट : रुजांक एकोणीस. हेल्मार देशात कायमचं राहायचं तर निदान साठ लागत. म्हणजे नवऱ्याने इथे राहायचं आणि बायकोने मिरजेला परत जायचं, असा यंत्राचा निकाल होता.

हेल्मार हा उत्तरेकडच्या समुद्राकाठचा थंड, श्रीमंत आणि माणसांची चणचण असलेला देश. तिथे स्थायिक होण्याचे मार्ग बरेच होते. कौशल्याचा होता, गुंतवणुकीचा होता, लग्नाचा होता. फक्त पालकांचा मार्ग कित्येक वर्षं बंद होता. मुलांमागोमाग आलेले म्हातारे आईवडील परक्या शहरात हरवत, खिडकीशी बसून खंगत आणि दोन वर्षांत अंथरूण धरत, असा अनुभव होता. गार्गीने निद्रापथमापक शोधून काढला आणि तो मार्ग पुन्हा उघडला. त्याबद्दल तिथल्या महाराष्ट्र मंडळाने तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. नारळ न मिळाल्यामुळे श्रीफळाच्या जागी अननस होता, पण भाषणं मात्र अस्सल आणि लांबलचक होती.

निकालावर दुसरी सही लागे ती देशांतर खात्याच्या डॉक्टरांची. डॉ. एस्पेन लुंड या पदावर नुकतेच आले होते, आणि न समजलेल्या कागदावर सही करायची नाही असा त्यांचा खाक्या होता. त्यांनी गार्गीला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

"आपल्या मेंदूत स्थलपेशी असतात," गार्गी म्हणाली. "तुम्ही पलंगावरून उठून स्वयंपाकघरात जाता तेव्हा त्या एका ठरावीक क्रमाने पेटतात. झोपेत मेंदू तेच क्रम पुन्हा गिरवतो. माणूस पडलेला असतो, पण मेंदू घरात फिरत असतो. ज्या जागी तो सगळ्यात जास्त फिरतो, तो त्याचा घरनकाशा."

"आणि रुजांक?"

"इथे उतरल्यावर पहिल्या रात्री आम्ही जुन्या वाटा नोंदवतो. सहा महिन्यांनी आठवडाभर पुन्हा मोजतो. झोपेतल्या शंभर फेऱ्यांपैकी नव्या जागेतल्या किती, तो रुजांक."

लुंडना ते पटलं. तरीही त्यांनी सही केली नाही. नवराबायकोची ताटातूट करायची तर आठवडाभर थांबायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. सरकारी माणसाच्या तोंडून हे ऐकून गार्गीला बरं वाटलं.

आकडे कळल्यावर कवठेकरांचा मुलगा ओंकार दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत आला. तो चिडला नव्हता, त्याला फक्त कोडं पडलं होतं. आई एकटी बाजारहाट करते, पाववाल्याशी खाणाखुणांनी घासाघीस करते, घराजवळच्या तळ्यावर फिरायला येणाऱ्या बायकांना तिने थालीपीठ खाऊ घातलंय. आणि बाबा तिच्याशिवाय उंबरठा ओलांडत नाहीत. मग रुजले ते बाबा कसे? येत्या रविवारी घरी येते, असं गार्गी म्हणाली.

घरात पाऊल टाकताच निम्मं उत्तर तिला मिळालं. हेल्मारच्या त्या चकचकीत सदनिकेत एक अख्खं मिरजेचं घर मांडलं होतं. पलंग फिरवून उशा पूर्वेला केल्या होत्या. दारातून आत आलं की डाव्या हाताला देव, देवांपलीकडे पाण्याचं पिंप, पिंपाच्या वर फळी आणि फळीवर ओळीने डबे. ओंकार हसून म्हणाला की आईने मिरजेचं घर इंचाइंचाने उचलून आणलंय. रात्री उठलो तर क्षणभर मलाच कळत नाही मी कुठल्या देशात आहे.

म्हणजे सुलभाताई झोपेत याच घरात फिरत होत्या. पण वाट हुबेहूब मिरजेची असल्यामुळे मापक ती जुनी धरत होता. एकोणीसचा उलगडा झाला आणि गार्गीचा जीव भांड्यात पडला. अशी चूक दुरुस्त करता आली असती.

चहा घेता घेता तिने विद्याधररावांना सहज विचारलं, मिरजेच्या घरात जिना कुठल्या अंगाला होता? विद्याधरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलके, गप्पिष्ट. ते मोकळं हसले, मिरजेच्या हवेबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले, आणि मग बायकोकडे वळून म्हणाले, "अगं, सांग की यांना." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सुलभाताईंनी जिना, माडी, परसातला हौद सगळं सांगून टाकलं. विद्याधररावांना जिना आठवतच नव्हता, हे गार्गीच्या ध्यानात आलं. तिने विषय बदलला आणि कप ठेवायचं निमित्त करून ती सुलभाताईंच्या मागे स्वयंपाकघरात गेली.

"काकू, किती दिवस झाले हे?"

सुलभाताई नळ सोडून उभ्या राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दोन वर्षं होत आली. एकदा हे भाजी आणायला गेले आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. घर कुठलं ते कळेना. मुलाला कळवलं नाही. अर्ज बाद झाला असता. इथे आल्यावर सगळं तसंच्या तसं मांडलं, म्हटलं, डोकं विसरलं तरी हातापायांना सवय असेल."

मग सुलभाताईंनी पुढे सांगितलं, "मी नापास झाले ते असू दे. ह्यांना ठेवून घेताय ना? इथे दवाखाने चांगले आहेत. मी जाईन मिरजेला. पण सकाळी जाग आली की ह्यांना समोर माणूस दिसावं लागतं. तेवढं ओंकारला तुम्हीच सांगा. मला जमायचं नाही."

गार्गी घरी न जाता थेट प्रयोगशाळेत गेली. स्वतःचा तिला संताप आला होता. रुजांक हे गुणोत्तर होतं. नवं जोडलं गेलं की ते वाढणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. जुनं पुसलं गेलं तरीही ते वाढणार, हे शाळेतल्या मुलाला कळलं असतं आणि तिला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. सत्कारातल्या अननसाची तिला त्या क्षणी लाज वाटली.

लुंडना तिने काहीही लपवलं नाही. त्यांनी वैद्यकीय शंका काढली : म्हातारपणच्या विसरण्यात आधी नवं जातं, जुनं टिकतं, मग इथे उलट कसं? गार्गीने सांगितलं की क्वचित आढळणारा असाही एक प्रकार आहे, ज्यात जुनंच आधी जातं आणि शेवटचे काही महिने तेवढे मागे राहतात. लुंडनी मान हलवली. तो प्रकार त्यांनी वाचला होता.

"मग आजार नोंदवायला हवा," ते म्हणाले. "आणि नोंदवला की त्यांनाही परत पाठवावं लागेल."

"परत कुठे?" गार्गीने विचारलं. "मिरज त्यांच्या डोक्यात उरलेलीच नाही. ज्याचा दुसरीकडे कुठेही घरनकाशा नाही, त्याला देशाबाहेर काढता येणार नाही. तुमच्याच कायद्याचं पहिलं कलम आहे."

लुंडनी कलम काढून पाहिलं. ते खरंच तसं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. विद्याधरराव राहणार होते. सुलभाताईंसाठी मात्र कलम नव्हतं. मिरजेची वाट त्यांच्या डोक्यात शाबूत होती. घरातल्या फेऱ्या निम्म्या मिरजेच्या, निम्म्या इथल्या धरल्या तरी त्यांचा आकडा साठाला पोचत नव्हता, हे गार्गीने तीन वेळा पडताळून पाहिलं.

शेवटचा उपाय म्हणून तिने विद्याधररावांच्या मूळ नोंदी उघडल्या. आकडा मोठा होता, पण फेऱ्या अगदी मोजक्या होत्या. त्या कुठल्या जागेतल्या? तळ्याकाठच्या असतील असं तिला वाटलं होतं. तळ्याचा आराखडा लावला, जुळला नाही. घराचा लावला, बाजाराचा लावला, तेही जुळेनात. रोज नवा क्रम, कुठल्याच जमिनीवर न बसणारा. मापकाने तो जुन्याशी जुळत नाही म्हणून नवा धरला होता आणि पुढे चौकशीच केली नव्हती.

मग तिचं लक्ष मनगटपट्ट्यांकडे गेलं. सहा महिने प्रत्येक अर्जदार कुठे कुठे फिरला, ते त्या पट्ट्या टिपून ठेवत. विद्याधररावांच्या पट्टीशी क्रम जुळले नाहीत. तिने सुलभाताईंची पट्टी लावली. पहिला क्रम जुळला, दुसरा जुळला, मग सगळे जुळत गेले. ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, दारातून परत ओट्याशी. आदल्या दिवशी सुलभाताई त्यांच्या डोळ्यांसमोर जिथे जिथे वावरल्या होत्या, ती वाट विद्याधररावांचा मेंदू झोपेत गिरवत होता.

"परस्थलपेशी," ती लुंडना म्हणाली. "आपण कुठे आहोत हे नव्हे, दुसरं माणूस कुठे आहे हे सांगणाऱ्या. ते अंतर यांच्यापासून मोजलेलं, म्हणून कुठल्याच आराखड्यावर बसेना. वटवाघळांत त्या फार पूर्वीच सापडल्यात. मी नोंदीतला निरर्थक गोंगाट समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. यांच्या बाकीच्या पेशी थकल्या, पण या शाबूत आहेत."

लुंडनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"म्हणजे बाईंना परत पाठवलं तर यांचा रुजांक किती होईल?"

"शून्य."

"आणि त्याच कायद्यानुसार रुजलेल्या माणसाचं घर त्याच्यापासून काढून घेता येत नाही," लुंड म्हणाले. "घर म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात केलेली नाही. तुमचं यंत्र दाखवेल ते." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि दोन्ही अर्जांवर सही केली. आजाराची नोंदही केली, म्हणजे औषधपाणी लगेच सुरू होईल.

गार्गी बातमी द्यायला गेली तेव्हा सुलभाताई पोळ्या लाटत होत्या. सगळं समजून घ्यायला त्यांना वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी लाटणं खाली ठेवलं, मनगटाने डोळे पुसले, आणि गालाला पीठ लागलं त्याचं त्यांना भान राहिलं नाही. ओंकारने आईला जवळ घेतलं. गार्गीने त्याला सगळं त्याच सकाळी सांगितलं होतं, आणि कुणाशी भांडावं हे त्याला अजून उमगत नव्हतं.

जरा वेळाने सुलभाताईंनी विचारलं, "म्हणजे हे डब्यांवरून घर ओळखतच नव्हते?"

"नाही काकू. ते फक्त तुम्ही कुठे आहात ते बघतात."

"मग हे डबे हलवले तर चालतील?"

गार्गीला आश्चर्य वाटलं. एवढ्या हौसेने मांडलेलं घर मोडायचं कशाला, असं तिने विचारलं.

"हौस कसली," सुलभाताई म्हणाल्या. "ती मांडणी सासूबाईंची. मीठ वरच्या फळीवर. चाळीस वर्षं टाचा उंचावून काढतेय."

त्यांनी टाचा उंचावून मिठाचा डबा काढला आणि शेगडीच्या उजव्या हाताला, त्यांना हवा तिथे ठेवला. तेवढ्यात विद्याधरराव दारात आले. त्यांनी रिकाम्या फळीकडे पाहिलं नाही, डब्याकडेही पाहिलं नाही. सुलभाताई दिसताच ते निवांतपणे खुर्ची ओढून बसले आणि जेवायला काय केलंय असं विचारलं.