आंबेमोहराच्या पाचशे बारा लोंब्या

काउंटरवर दोन सारख्याच काळ्या डिस्क होत्या आणि शेजारी उभा असलेला तरुण उगाचच हसला... त्या गडबडीत प्रेरणानं त्याची डिस्क उचलली, आणि लोणावळ्यातल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानातून थेट तुंगार्लीला घरी आली.

डिस्क जोडली की लॅपटॉपवर आहे तेच हुबेहूब तिच्यावर उतरायचं, जास्तीचं आपोआप पुसलं जायचं. हा प्रोग्रॅम तिनं स्वतः लिहिला होता. एमएस्सीच्या पदवीपेक्षा तिला त्याचाच तोरा जास्त!

पडद्यावर ओळी धावल्या – पुसलं, पुसलं, ‘आंबेमोहर’ पुसलं. तिच्याकडे आंबेमोहर कुठून आला? तिनं वायर उपटली.

तासाभरात ती पुन्हा दुकानात होती. तोही तिथंच होता – बेडसे गावचा शेतकरी सत्यम.

“तुमच्या फाइली मी पुसल्या. चूक माझी. तुमच्या लॅपटॉपमधून परत घेऊ.”

“लॅपटॉप तर मेलाय. त्याच्यासाठीच हितं आलतो.” त्याचं हसू मावळलं. “पाच वर्षं आंबेमोहराचं बियाणं निवडतोय. सगळ्या लोंब्यांचे फोटो आता त्या डिस्कवरच होते. सोमवारी शास्त्रज्ञ यायचेत बघायला.”

“पुसलेल्या जागेवर फार काही नवं लिहिलं गेलेलं नाही. फोटो आत असतील. दोन दिवस द्या.”

“आन् न्हाई मिळाले तर?”

“तर तुमच्या शेतात येऊन लावणी करीन.”

“ह्या चपलांनी?” तो म्हणाला. तिला राग यायला हवा होता...

शनिवारी ती लॅपटॉप घेऊन बेडश्याला त्याच्या ओसरीवर आली. पाचशे बाराच्या पाचशे बारा लोंब्या परत आल्या होत्या! फक्त फोटोंना दिलेली नावं गेली होती. कुठली कुठल्या ओळीतली, काही कळत नव्हतं.

“दाखवा,” तो म्हणाला. “ही एकवीस सालची. बांधाकडची तिसरी ओळ. भातावर करपा रोग आलता तवा, हिला शिवला न्हाई.”

फोटोच्या पोटात कॅमेऱ्यानं टाकलेली तारीख असते. तिनं गुपचूप पाहिली. दोन हजार एकवीस!

मग तिनं तारखा झाकल्या, क्रम मोडला, मधूनच फोटो काढले. वीसपैकी वीस बरोबर.

“तुम्ही कुठून तरी तारीख बघताय.”

“मग समोर बसा. माझ्या डोळ्यांवर लक्ष ठेवा.”

ती बसली. प्रयोग म्हणून ही फारच मोठी चूक होती. एकविसाव्या फोटोनंतर तिची मोजणीच चुकली. पण छाती मात्र अभिमानानं भरून आली – प्रोग्रॅमच्या नव्हे, या माणसाच्या. तिच्या यंत्राला जे राखता आलं नव्हतं, ते त्याच्या डोळ्यांत शाबूत होतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या लोंब्यांचा साल-ओळीचा तक्ता लॅपटॉपवर पुरा झाला. वरच्या ‘नोंद करणार’ या रकान्यात सत्यमनं दोन नावं टाइप केली.

“माझं कशाला? मी तर पुसलं होतं.”

“आन् सांगायला स्वतः आलीस. लोकं पळ काढत्यात. मला तर लय अभिमान वाटतो तुझा.”

‘तुमचा’चं ‘तुझा’ झालेलं दोघांनाही ऐकू आलं.

“नाव घातलंस,” ती हळूच म्हणाली, “म्हणजे आता दर हंगामाला यावं लागेल मला...”

“दर हंगामाला कशाला? ऱ्हायलाच ये की.”

प्रेरणानं कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि तक्ता जपून ठेवला – दोन्ही नावांसकट.