पाणी येणार नाही

दत्तोजीराव त्या रात्री आईची औषधं आणायला बाहेर पडले, गोष्ट तिथून सुरू होते, असं मालोजीराव म्हणाले.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमात वीज गेली होती. गच्चीवर चटई टाकून भाचरं बसली होती. मालोजीरावांनी पान तोंडात सारलं आणि गल्लीपलीकडच्या एका काळोख्या घराकडे हनुवटीने दाखवलं. "तेच घर. दत्तोजी माझा शाळूसोबती. त्यानं सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही."

दोन हजार बारा सालचा एप्रिल. अकरा तारीख, बुधवार. चैत्र वद्य पंचमी, म्हणजे चंद्र उशिरा उगवायचा.

दत्तोजीराव भूगर्भशास्त्राचे. पण त्यांची जमीन पाण्याखालची. जहाजावरून समुद्रात आवाज सोडायचा, तो तळाला आपटून परत येतो त्यावरून तळाचा नकाशा काढायचा, आणि त्या नकाशात भेगा शोधायच्या. कुठली भेग मेलेली, कुठली जिवंत, जिवंत असली तर कुणाच्या जिवावर उठेल... याच विचारात त्यांचे केस पिकले.

त्या दुपारी सुमात्राकडे समुद्राचा तळ हलला. इथे म्हैसुरात पंखे झुलले, लोक कचेऱ्यांतून रस्त्यावर आले. तेव्हापासून दत्तोजीरावांचा फोन थांबेना. चेन्नईचे नातेवाईक, वर्तमानपत्रवाले, जुने विद्यार्थी. सगळ्यांचा एकच प्रश्न, पाणी येईल का?

"ही आडवी सरकणारी भेग आहे," ते सांगत. "दोन पाट शेजारी ठेवून एक पुढे ढकला. वरचं पाणी फारसं उचललं जात नाही. दोन हजार चारला तळच वर उचलला गेला होता. हे तसं नाही."

सांगत होते खरे, पण आडवी भेगही दगा देते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पाण्याखालचा उतार ढासळला की समुद्र उसळतो. संध्याकाळी त्सुनामीचा इशारा मागे घेतल्याची बातमी आली, तेव्हा कुठे त्यांनी कॉफीचा घोट घेतला. आणि मग ते औषधांच्या दुकानात गेले.

"त्यांना एवढी धास्ती का, मामा?" तुंगाने विचारलं.

मालोजीराव सांगू लागले.

दत्तोजीरावांचा धाकटा भाऊ होता, फत्तेसिंगराव. निकोबारच्या एका बेटावर मास्तर. दोन हजार चारच्या त्या रविवारी सकाळी जमीन हलली, तसा तो धावत फोनपाशी गेला. पाणी येईल का, याचं उत्तर सगळ्या मुलुखात ज्याला ठाऊक होतं, तो त्याचा सख्खा भाऊ. फोन आईने, भवानीबाईंनी उचलला.

"अव्वा, अण्णाला दे. जमीन हलली. आम्ही किनाऱ्यावर आहोत, थांबू का नको, विचार त्याला."

"अय्यो, न्हायला गेलाय रे तो. सुम्ने, उगाच घाबरू नकोस. पाच मिनिटांनी कर."

परत फोन आला नाही. देह सापडला नाही.

दत्तोजीरावांनी आईला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. आईनेही तो विषय काढला नाही. फक्त तिने आपली खाट हॉलमध्ये, फोनशेजारी आणवली. सात वर्षं मायलेकरं एका पंगतीला बसली, पण फत्त्याचं नाव दोघांच्याही ओठांवर आलं नाही. शेवटी शेवटी तिला उठून बसवायलाही माणूस लागायचा.

तर दत्तोजीराव औषधं घेऊन परतले. गल्लीत शिरतात तोच वीज गेली. मेणबत्ती सापडेना. चाचपडत त्यांनी आईला गोळी दिली, पाणी पाजलं.

फोन वाजला.

वैतागूनच त्यांनी उचलला. "हॅलो?"

पलीकडे गलबला. पुष्कळ माणसं एका जागी उभी असावीत तसा. एक मूल खोकत होतं.

"अण्णा?"

दत्तोजीरावांनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"अण्णा, जमीन हलली. आम्ही सगळे इथंच उभे आहोत. पाणी येईल का?"

हाच प्रश्न. याचं उत्तर सात वर्षं त्यांच्या घशात अडकलेलं होतं. पळ, फत्त्या. टेकडीकडे पळ. मागे बघू नकोस... पण त्या उत्तराचा आता काय उपयोग होता? डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"नाही रे राजा," ते म्हणाले. "पाणी येणार नाही. आता नाही येणार. सांग सगळ्यांना. जा म्हणावं."

पलीकडे कुणीतरी हुंदका दिला. मग गलबला विरत गेला. एकेक माणूस उठून जावं तसा. मूल खोकायचं थांबलं.

उरला एक श्वास.

"मग... मी घरी येऊ?"

दत्तोजीरावांच्या मानेवर काटा आला. त्यांनी आईकडे पाहिलं.

काळोखात अंधूक दिसलं, ती उठून बसली होती. एकटी.

"फत्त्या ना?" तिने हात पुढे केला. "दे."

नको, असं त्यांच्या ओठांवर आलं. पण सात वर्षं त्या फोनशेजारी निजलेल्या बाईला नको म्हणायचं कोणी? त्यांनी रिसीव्हर दिला.

"ये रे," ती म्हणाली. "मीच तुला थांबवलं होतं. आयतु, झालं ते झालं. ये आता."

तिने फोन ठेवला.

गल्लीतली कुत्री गप्प झाली.

मग... काही नाही. बराच वेळ काही नाही.

दत्तोजीराव खुर्चीवर बसले होते. पावलं गार पडली. मग घोटे. मग पोटऱ्या. आवाज नाही. काही दिसत नाही. नुसता गारवा, वर चढणारा. गुडघ्यांपर्यंत आला... आणि थांबला.

अंधारात आई हसत होती. हलक्या आवाजात. मांडीवरच्या पोराशी बोलावं तशी.

"बा मगा, बा... ये बाळा, किती रे गारठलास."

तेवढंच.

वीज आली. फरशी कोरडी ठणठणीत. दार आतून बंद. भवानीबाई खाटेच्या कडेला कलल्या होत्या, एक हात खाली सोडलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हातारपण.

गच्चीवर भाचरं एकमेकांजवळ सरकली.

"आला होता का हो तो?" तुंगाने अगदी हळू विचारलं.

"मला काय ठाऊक, पोरी? दत्तोजी इतकंच म्हणायचा, सगळ्यांना जा म्हणालो, त्याला ये म्हणायचा धीर मला झाला नाही. आईला झाला."

बाराव्याला मांडव घालायला माणसं आली, तेव्हा आधी त्यांच्या लक्षात आलं. हॉलच्या चारी भिंतींवर एक रेघ उठली होती. भवानीबाईंच्या खाटेच्या उंचीला बरोबर. कुठे तसूभर वर नाही, खाली नाही. रंग लावला, पुन्हा उठली. गिलावा खरवडून नवा केला, पुन्हा उठली. दत्तोजीराव गेले, आता तिथे भाडेकरू आहेत. ते म्हणतात, ओल आहे.

"मी नखानं खरवडून जिभेवर ठेवलं," मालोजीराव म्हणाले. "मीठ."