दुसरी दोरी

"पाठ वाकवू नका! गुडघे वाकवा, गुडघे!"

फाटकातूनच ती ओरडली. रस्त्यावर एक माणूस भली लांब, लाल कयाक एकट्यानं उचलायला निघाला होता. गाडीच्या टपावरचा पट्टा तुटून ती एकट्यानं वल्हवायची होडी थेट हिच्या दारात घसरली होती. ही फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांच्या धरलेल्या कमरा सोडवायच्या, त्यामुळे असं वेडंवाकडं उचलणं तिला बघवेना.

"गुडघे वाकवतो," तो धापा टाकत म्हणाला, "पण दुसरं टोक कोण धरणार?"

तिनं पर्स फाटकाला अडकवली आणि दुसरं टोक धरलं. पावसाची भुरभुर सुरू झाली होती. होडी हातात घेऊन दोघं रस्त्यात उभे... आणि ठेवायची कुठे, हे दोघांनाही ठाऊक नाही.

"गॅरेजमध्ये ठेवा," खिडकीतून आई म्हणाली.

ती चमकली. तीन वर्षांपूर्वी बाबा त्याच गॅरेजमध्ये गाडीचं चाक बदलताना कोसळले होते. गाडी विकली, कुलूप लागलं, ते लागलंच. पण आई स्वतः किल्ली घेऊन खाली आली.

तो पाटबंधारे खात्यात होता. नदीची पातळी मोजायचा. आईनं त्याचं नाव 'नदीवाला' ठेवलं. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि ऑफिसच्या ज्या शेडमध्ये होडी असायची ती पाडायला काढलेली. "चार दिवस ठेवू का?" त्यानं संकोचून विचारलं. आई म्हणाली, "जागा रिकामीच आहे."

पुढच्या रविवारी तो कप्प्या, दोऱ्या आणि रुंद पट्टे घेऊन आला. होडी जमिनीवर ठेवली की तळ दबतो, म्हणून ती छताला टांगायची. ठोकून ठोकून त्यानं छतातली तुळई शोधली, हुक घट्ट पिळले. पुढची दोरी तिच्या हातात दिली, मागची स्वतः घेतली.

"एकदमच ओढायचं हं. नाहीतर तिरकी होते."

"मग तुम्ही मागे का राहताय?"

"तुम्हीच घाई करताय!"

"पेशंटना मी हेच सांगते... दुसऱ्याला दोष दिला की दुखणं बरं होत नाही."

तो हसला, त्याच्या हातून दोरी सटकली आणि होडीचं शेपूट वीतभर खाली आलं. त्या गॅरेजमध्ये तीन वर्षांत कुणी हसलं नव्हतं.

मग दर रविवारी सकाळी होडी उतरायची, त्याच्याबरोबर नदीवर जाऊन यायची, दुपारी पुन्हा चढायची. आतलं पाणी ती जुन्या टॉवेलनं टिपायची. एकदा टिपता टिपता तिचा हात थांबला.

"बाबा इथेच गेले," ती म्हणाली. "मी दवाखान्यात होते. दुसऱ्यांचे खांदे हलवत..."

'वाईट वाटून घेऊ नका' असं तो म्हणाला नाही. त्यानं हळूच विचारलं, "गाडी कोणती होती त्यांची?"

ती सांगत सुटली. गाडीचा रंग, बिघडलेला हॉर्न, बाबांचं तिला शिकवताना चिडणं. सांगता सांगता रडली आणि रडता रडता हसलीसुद्धा.

आठ महिन्यांनी त्याची बदली झाली. नदीच्या वरच्या अंगाला नवं धरण होत होतं, तिथे. जायला दीड दिवस लागायचा.

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

त्या संध्याकाळी शेंगा सोलताना आईनं त्याचा विषय काढला. "माझ्यासाठी थांबलीस असं जगाला सांग हवं तर. मला नको सांगूस. तू घाबरतेस. माणूस आपलं झालं की जातं, असं वाटतं ना तुला?"

ती शेंगा सोलत राहिली.

शेवटच्या रविवारी दोघं दोऱ्या सोडत होते. होडी अर्ध्यावर आली आणि तिचा हात थबकला. मागची बाजू खाली झुकली, तसा तोही थांबला.

"काय झालं?"

"काही नाही."

"होडी तिरकी झालीय."

"होऊ दे." दोरी तळव्यात रुतत होती. "थांबा म्हणावं, तर तुमची नोकरी आहे. तिकडे येते म्हणावं, तर आई आहे. मग म्हणायचं तरी काय..."

"जे खरं आहे ते म्हणा."

"तुम्ही मला आवडता."

तो दोरी धरून तसाच उभा राहिला. "नदी तर मला ऑफिसच्या खिडकीतून रोज दिसते," तो म्हणाला. "दर रविवारी इथे कशाला येत होतो मी?"

"आधी ते धूड खाली उतरवा," दारातून आईचा आवाज आला, "मग काय ते बोला!"

दोघांनी होडी उतरवली. तो आईसमोर जाऊन उभा राहिला.

"हिला लग्नाचं विचारायच्या आधी तुम्हाला विचारतो. तिकडे घराला दोन खोल्या जास्तच आहेत. तुम्हीही याल का?"

"माझं मी बघेन. वाटलं तर येईन, नाही तर इथे बरी आहे." आईनं पदराला हात पुसले. "हिचे बाबा असते तर त्यांनी तुला तासभर उलटसुलट विचारलं असतं. माझा एकच प्रश्न आहे. ही घाबरली की गप्प होते. दिवसच्या दिवस. तेव्हा काय करशील?"



"शेजारी बसेन. बोलेपर्यंत."

आईनं नुसती मान डोलावली आणि पाठ फिरवून घाईघाईनं घरात गेली.

"येशील ना?" त्यानं विचारलं. पहिल्यांदाच एकेरीत.

तिला 'हो' म्हणायचं होतं. पण शब्दच फुटेना. ती तिथेच गॅरेजच्या फरशीवर खाली बसली.

मग तोही, काही न बोलता, तिच्या शेजारी बसला.